बायोचे भरतकाम पाहायला जाताना

फ्रान्सच्या नॉर्मंडी प्रांतातील बायो ह्या लहान शहरात सुमारे साडेनऊशे वर्षांपूर्वीचे एक भरतकाम जपून ठेवलेले आहे. लिननच्या कापडावर लोकरीच्या रंगीत धाग्यांनी भरलेली ही पट्टी 68 मीटरांहून अधिक लांब आणि सुमारे अर्धा मीटर उंच आहे. नॉर्मंडीचा ड्यूक विल्यम 1066 साली समुद्र ओलांडून इंग्लंडवर कसा चालून गेला आणि हेस्टिंग्जच्या लढाईत त्याने राजा हॅरॉल्डचा पराभव कसा केला, ही कथा तिच्यावर एकापुढे एक प्रसंग मांडत सांगितलेली आहे. 2007 साली युनेस्कोने जागतिक स्मृतिठेव्यांच्या यादीत तिचा समावेश केला. युरोपच्या सहलीला जाणारी अनेक मराठी कुटुंबे नॉर्मंडीपर्यंत पोहोचतात, मॉं-सॅं-मिशेलचा मठ पाहतात, वाटेत बायोला थांबतात आणि ह्या पट्टीसमोरून पंचवीस मिनिटांत पुढे सरकतात. एवढ्या वेळात कथा कळते, पण भरतकाम पाहायचे राहून जाते. थोडी पूर्वतयारी केली आणि नजर कुठे थांबवायची हे आधी ठरवले, तर हीच भेट किती वेगळी होऊ शकते, हे येथे सविस्तर सांगायचे आहे.

आधी मूळ कापड कोठे आहे ते पाहावे

बायोचे संग्रहालय 31 ऑगस्ट 2025 नंतर मोठ्या नूतनीकरणासाठी बंद झाले. 1983 सालापासून हे भरतकाम तेथे सतराव्या शतकातील एका जुन्या धर्मशिक्षण विद्यालयाच्या इमारतीत होते. आता त्या इमारतीला जोडून नवे दालन उभारले जात असून 2027 च्या शरद ऋतूत संग्रहालय पुन्हा उघडण्याचे नियोजन आहे. दरम्यानच्या काळासाठी फ्रान्स आणि ब्रिटन ह्यांच्यात जुलै 2025 मध्ये करार जाहीर झाला आणि त्यानुसार सप्टेंबर 2026 ते जुलै 2027 ह्या काळात हे भरतकाम लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये प्रदर्शित व्हावयाचे आहे. त्याच्या बदल्यात ब्रिटिश म्युझियमकडील सटन हू येथील पुराणवस्तू आणि लुइस बेटावरील बुद्धिबळाच्या सोंगट्या ह्यांसारखा ठेवा नॉर्मंडीतील संग्रहालयांना दाखवण्यासाठी मिळेल. म्हणून विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी दोन्ही संग्रहालयांच्या अधिकृत संकेतस्थळांवरील ताज्या तारखा पाहाव्यात. बांधकामाचे आणि प्राचीन वस्तूंच्या प्रवासाचे वेळापत्रक मागेपुढे होऊ शकते आणि बंद दारापाशी पोहोचण्याइतका लांब आणि खर्चिक प्रवास दुसरा नाही.

ब्रिटनचा व्हिसा आणि फ्रान्सचा शेंगेन व्हिसा हे दोन पूर्णपणे वेगळे आहेत, हे भारतीय पारपत्रावर प्रवास करणाऱ्यांनी लक्षात ठेवावे. लंडनमधील प्रदर्शन पाहणाऱ्याला ब्रिटनचा व्हिसा पुरतो. त्याच सहलीत बायो शहर, तेथील कॅथेड्रल आणि नॉर्मंडीचा किनाराही पाहायचा असेल, तर दोन्ही व्हिसा लागतात. लंडनच्या प्रदर्शनाची प्रवेशिका मात्र प्रवास पक्का होताच आगाऊ काढावी. हे भरतकाम सुमारे नऊ शतकांनंतर प्रथमच इंग्लंडच्या भूमीवर येत असल्यामुळे तेथे गर्दी होणार हे उघड आहे.

भरतकामाच्या ह्या प्रवासाबद्दल फ्रान्समध्ये बरीच चिंता व्यक्त झाली आणि ती अनाठायी नव्हती. 2020 साली तज्ज्ञ संवर्धकांनी कापडाची इंच इंच तपासणी केली, तेव्हा 24,204 डाग, 16,445 सुरकुत्या, 9,646 छिद्रे वा झिजलेल्या जागा आणि 30 फाटलेल्या जागा नोंदवल्या गेल्या. जुन्या दालनात कापड वरून टांगलेले असे आणि त्याचा सगळा भार त्याच्याच धाग्यांवर पडत असे. नव्या दालनात ते तिरक्या आधारावर टेकवून ठेवण्याची योजना त्यासाठीच आखलेली आहे. दालनातील अंधुक प्रकाश किंवा छायाचित्रांवरील बंदी पाहून कोणी नाराज होऊ नये. प्रकाशाने लोकरीचा रंग उडतो आणि एकदा उडालेला रंग परत आणता येत नाही.

घरी बसून करायची तयारी

पहिली तयारी कथेची. 1066 च्या जानेवारीत इंग्लंडचा राजा एडवर्ड अपत्यहीन अवस्थेत मरण पावला आणि सिंहासनावर त्याचा मेहुणा, इंग्लंडमधील सर्वांत बलाढ्य सरदार हॅरॉल्ड बसला. विल्यमचे म्हणणे असे, की एडवर्डने राज्य आपल्याला देऊ केले होते आणि हॅरॉल्डने नॉर्मंडीत येऊन पवित्र अवशेषांवर हात ठेवून आपल्याला पाठिंबा देण्याची शपथ घेतली होती. ती शपथ मोडली, ह्या कारणावरून त्याने जहाजे बांधली, सप्टेंबरच्या अखेरीस इंग्लंडच्या किनाऱ्यावर सैन्य उतरवले आणि 14 ऑक्टोबर रोजी हेस्टिंग्जजवळच्या लढाईत हॅरॉल्ड मारला गेला. एडवर्ड, हॅरॉल्ड, विल्यम आणि विल्यमचा सावत्र भाऊ, बायोचा बिशप ओडो, ही चार नावे पक्की डोक्यात ठेवली तरी पुरे. भरतकाम कोणी करवून घेतले ह्याचा थेट पुरावा नाही. पण बहुतेक अभ्यासक ओडोचे नाव घेतात, कारण कापडावर तो पुन्हा पुन्हा आणि महत्त्वाच्या जागी दिसतो. शिवाय वडार्ड आणि विटाल ह्या इतिहासात कोठेही न गाजलेल्या दोन माणसांची नावे कापडावर भरलेली आहेत आणि ती ओडोच्या पदरच्या माणसांची असल्याचे जमीन-महसुलाच्या जुन्या नोंदींवरून दिसते. भरणारे हात बहुधा इंग्लंडमधले, कॅंटरबरीच्या परिसरातले होते, असेही चित्रांच्या शैलीवरून मानले जाते. जिंकणाऱ्याची कथा हरलेल्यांच्या हातांनी भरली गेली असण्याची शक्यता मनात ठेवून पट्टी पाहिली, तर अनेक जागी पाऊल थबकते.

दुसरी तयारी चित्रे आधी पाहून घेण्याची. बायोच्या संग्रहालयाने संपूर्ण पट्टीची अतिशय बारकाईने घेतलेली छायाचित्रे आपल्या संकेतस्थळावर सर्वांसाठी विनामूल्य खुली ठेवली आहेत. ती इतकी मोठी करता येतात, की एकेक टाका, मागून लावलेले ठिगळ आणि मेणाचा डागही दिसतो. काही जण म्हणतील, की आधीच सगळे पाहिले तर तेथे जाऊन काय पाहायचे? माझे मत नेमके उलट आहे. मूळ कापडासमोर मिळणारा वेळ थोडा असतो, प्रकाश मंद असतो आणि मागे माणसे उभी असतात. कोणत्या प्रसंगी थांबायचे हे ठाऊक असलेल्या माणसालाच तो वेळ नीट वापरता येतो. प्रसंगांना 1 ते 58 असे क्रमांक आहेत आणि ते मूळ कापडाला नंतर जोडलेल्या अस्तराच्या वरच्या कडेवर लिहिलेले आहेत. आपल्याला पाहायच्या प्रसंगांचे क्रमांक कागदावर टिपून न्यावेत, शोधाशोध वाचते.

तिसरी तयारी सुईची, आणि ज्यांच्या घरात भरतकाम जाणणारे कोणी आहे त्यांनी ती टाळू नये. ह्या पट्टीवर मुख्यतः दोन प्रकारचे टाके आहेत. आकृत्यांच्या बाह्यरेषा आणि सगळी अक्षरे देठाच्या टाक्याने काढलेली आहेत. आकृतीच्या आतला भाग भरण्यासाठी आधी लोकरीचे लांब धागे एकमेकांना अगदी खेटून एका दिशेने पसरायचे, त्यांच्यावर काही मिलिमीटर अंतराअंतराने आडवे धागे टाकायचे आणि ते आडवे धागे बारीक टाक्यांनी कापडाला बांधून टाकायचे, अशी पद्धत आहे. ह्यात जवळजवळ सगळी लोकर कापडाच्या दर्शनी बाजूला राहते, मागे अगदी थोडी जाते. त्यामुळे धाग्याची बचत होते, मोठी जागा लवकर भरते आणि रंगाचा पृष्ठभाग किंचित उठावदार दिसतो. जाडसर सुती किंवा लिनन कापडाच्या तुकड्यावर लोकरीच्या धाग्याने तळहाताएवढी ढाल अशा पद्धतीने भरून पाहावी. एक संध्याकाळ लागेल. पण त्यानंतर जेव्हा शेकडो ढाली, घोडे आणि शिडे समोर येतील, तेव्हा त्यांमागे किती हात आणि किती दिवस असतील ह्याचा अंदाज मनाला आपोआप येतो.

रंगांची गोष्ट आपल्याला अनोळखी नाही. सगळे रंग फक्त तीन वनस्पतींपासून काढलेले आहेत. लाल रंग देणारी मॅडर ही आपल्या मंजिष्ठेच्याच कुळातली. निळा रंग देणाऱ्या वोडच्या पानांत तोच रंगघटक असतो जो आपल्या निळीत असतो. आणि पिवळा रंग वेल्ड नावाच्या झुडपाचा. ह्या तिन्हींच्या कमीअधिक मिश्रणातून सुमारे दहा छटा तयार केलेल्या आहेत. कापडाच्या मागच्या बाजूला, जेथे उजेड पोहोचला नाही, तेथे हे रंग आजही अधिक ताजे आहेत.

दालनात गेल्यावर

जुन्या मांडणीत पट्टी एका लांब, वळणाऱ्या अंधाऱ्या दालनात काचेमागे होती आणि कानाला लावायचे निवेदन प्रेक्षकाला प्रसंगामागून प्रसंग पुढे नेत असे. नव्या दालनात आणि लंडनला व्यवस्था वेगळी असेल. तरी पाहण्याची रीत बदलण्याचे कारण नाही. सोय असेल तर पट्टी दोनदा पाहावी. पहिल्या फेरीत निवेदन ऐकत कथा पुरी करावी. दुसऱ्या फेरीत कान मोकळे ठेवावेत, कथा विसरावी आणि पट्टीचे वरचे-खालचे चित्रित काठ, हात, पाय, टाके पाहावेत. दुसरी फेरी शक्य नसेल, तर निवेदन ऐकण्याऐवजी घरी वाचलेली कथा मनात ठेवून एकच फेरी शांतपणे करावी, असे मी सुचवेन.

चित्रांवरची वाक्ये लॅटिन भाषेत असली तरी ती आखूड आणि ठरावीक साच्याची आहेत. ‘हिक’ म्हणजे येथे, ‘उबी’ म्हणजे जेथे, ‘रेक्स’ म्हणजे राजा आणि ‘दुक्स’ म्हणजे ड्यूक. एवढ्या शब्दांवर आणि माणसांच्या नावांवर निम्मी वाक्ये उलगडतात. नॉर्मन कोण आणि इंग्रज कोण हे ओळखायला डोकी पाहावीत. नॉर्मनांचे केस मानेपासून वरपर्यंत मागून भादरलेले असतात, तर इंग्रजांना बहुधा मिशा असतात. लढाईत मात्र शिरस्त्राणे आणि चिलखते सारखीच असल्यामुळे ही खूण चालत नाही. तेथे मोठ्या कुऱ्हाडी घेऊन पायी लढणारे इंग्रज आणि घोड्यांवर बसलेले नॉर्मन, असे ओळखावे.

आता काही प्रसंग, जेथे मुद्दाम थांबावे.

सोळाव्या आणि सतराव्या प्रसंगांत मॉं-सॅं-मिशेलचा मठ टेकाडावर दिसतो आणि त्याच्या पायथ्याशी नदीच्या रुतणाऱ्या वाळूत सैनिक अडकलेले आहेत. एकाला पाठीवर घेऊन आणि दुसऱ्याचा हात धरून बाहेर ओढणारा माणूस म्हणजे हॅरॉल्ड. ज्याचा पुढे पराभव दाखवायचा आहे, तोच येथे शत्रूच्या सैनिकांचे प्राण वाचवताना दाखवलेला आहे. त्याच्या पायांखालच्या काठात मासे आणि वाम पोहत आहेत. विजयाची कथा सांगणाऱ्या कापडाने हरणाऱ्या माणसाचा हा मोठेपणा का ठेवला, हा प्रश्न मला पूर्ण पट्टीतला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

प्रसंग 23 शपथेचा. हॅरॉल्ड पवित्र अवशेषांच्या दोन पेट्यांच्या मध्ये उभा आहे आणि दोन्हींवर त्याचा एकेक हात आहे. विल्यम सिंहासनावर बसून बोट रोखून पाहत आहे. त्याच्या अगोदरच्याच प्रसंगात बायो शहराचे नाव भरलेले आहे, म्हणजे हे कापड जेथे शतकानुशतके राहिले तेच गाव कापडावरही आहे.

एडवर्डच्या मृत्यूपाशी क्रम उलटा आहे. आधी 26 व्या प्रसंगात त्याची अंत्ययात्रा वेस्टमिन्स्टरच्या चर्चकडे निघालेली दिसते, आणि नंतर 27 व 28 मध्ये, एकाखाली एक अशा दोन मजल्यांत, वर तो शय्येवर बोलताना आणि खाली मृत असा दिसतो. अंत्ययात्रेच्या ठिकाणी चर्चच्या टोकावर एक माणूस वाऱ्याची दिशा दाखवणारा कोंबडा बसवत आहे, कारण ते चर्च नुकतेच पुरे झाले होते. एवढ्या गंभीर प्रसंगात कारागिराला त्या गवंड्याची आठवण राहिली, ही गोष्ट मला फार आवडते.

प्रसंग 32 मध्ये माणसांचा घोळका आकाशाकडे बोट दाखवत आहे आणि वरच्या काठात शेपटी असलेला तारा आहे. 1066 च्या वसंतात दिसलेला हा हॅले धूमकेतू असून हे त्याच्या सर्वांत जुन्या ज्ञात चित्रांपैकी एक मानले जाते. लगेच पुढे हॅरॉल्ड अस्वस्थ होऊन बसलेला आहे आणि त्याच्या पायांखालच्या काठात फक्त बाह्यरेषांनी काढलेली, आतून न भरलेली रिकामी जहाजे आहेत. येऊ घातलेल्या स्वारीची ती छाया आहे. ज्या कापडावर बाकीची जहाजे रंगांनी गच्च भरलेली आहेत, तेथे ही मुद्दाम न भरलेली जहाजे फार काही सांगून जातात.

प्रसंग 35 पासून जहाजबांधणी सुरू होते. झाडे तोडणारे, फळ्या तासणारे, फळ्या सरळ बसल्या आहेत का हे डोळा बारीक करून पाहणारा मिस्त्री, दोर लावून जहाजे पाण्यात ओढणारी माणसे, असे सगळे क्रमाने आहे. त्यानंतर दोन दोन माणसे काठीत ओवलेली जड चिलखते खांद्यावरून नेत आहेत आणि एका गाडीवर मद्याचे पिंप व भाल्यांची रास लादलेली आहे. इंग्लंडला उतरल्यावर स्वयंपाक होतो, सळयांवर मांस भाजले जाते आणि एका ठिकाणी ढालींचीच मेजे करून सैनिक जेवायला बसतात. ज्यांना लढायांच्या चित्रांत रस नाही, त्यांनी जास्तीत जास्त वेळ ह्या भागाला द्यावा; अकराव्या शतकातील अवजारे, भांडी आणि कामाची रीत इतक्या जिवंतपणे दुसरीकडे क्वचितच पाहायला मिळते.

घोड्यांच्या पायांकडे जवळून पाहिले, की कारागिरांची एक युक्ती दिसते. आपल्याकडच्या बाजूचे पाय घोड्याच्या अंगाच्या रंगाचे असतात आणि पलीकडच्या बाजूचे पाय वेगळ्याच रंगाने भरलेले असतात: निळ्या घोड्याला पलीकडचे पाय पिवळे किंवा लाल. छायाप्रकाश न वापरता जवळचे आणि लांबचे वेगळे करण्याचा हा उपाय आहे आणि तो डोळ्यांना इतका पटतो, की निळा घोडा निसर्गात नसतो हे आपल्या लक्षातही येत नाही. माणसांचे चेहरे व हात मात्र भरलेले नाहीत. तेथे लिननचे कापडच त्वचेचा रंग होते.

प्रसंग 47 मध्ये दोन माणसे घराला आग लावत आहेत आणि एक बाई मुलाचा हात धरून त्यातून बाहेर पडत आहे. मधल्या पट्ट्यात 600 हून अधिक माणसे आहेत आणि त्यांत बायका केवळ तीन. ही त्यांपैकी एक. तिचे नाव दिलेले नाही. पुढच्या लढाईत सरदारांची नावे आहेत, जखमा आहेत, विल्यम मेला अशी अफवा उठल्यावर त्याने शिरस्त्राण वर करून स्वतःचा चेहरा दाखवण्याचा प्रसंगही आहे. पण युद्ध सामान्य माणसाच्या दारात कसे येते, ते ह्या बाईपाशी उभे राहिल्यावर कळते.

लढाई सुरू झाल्यावर खालच्या काठाकडे लक्ष ठेवावे. आतापर्यंत तेथे पशुपक्षी, नांगरणी, पेरणी, कोल्हा आणि कावळ्यासारख्या इसापच्या गोष्टी होत्या. आता तेथे प्रेते पडू लागतात, धनुर्धारी रांगेने उभे राहतात आणि शेवटी मेलेल्यांच्या अंगावरची चिलखते ओरबाडून काढणारी माणसे दिसतात. प्रसंग 57 मध्ये हॅरॉल्डचा मृत्यू आहे. डोळ्यात बाण घुसलेली आकृती हॅरॉल्डची, की घोडेस्वाराच्या तलवारीखाली पडणारी, की दोन्ही त्याच्याच, ह्यावर अभ्यासकांचे एकमत नाही. शिवाय एकोणिसाव्या शतकात ह्या भागाची दुरुस्ती झाली आहे आणि अठराव्या शतकातील जुन्या रेखाचित्रांत तो बाण आजच्यासारखा दिसत नाही. त्यामुळे मार्गदर्शकाने ठामपणे काही सांगितले तरी आपण स्वतः टाके पाहून विचार करावा. पट्टी इंग्रज सैन्याच्या पलायनापाशी तुटते. शेवटचा भाग हरवलेला आहे आणि तेथे बहुधा विल्यमचा राज्याभिषेक असावा.

शहरासाठी राखून ठेवायचा वेळ

बायोमध्ये भरतकाम नसलेल्या काळातही एक पूर्ण दिवस सहज सार्थकी लागतो. कॅथेड्रल 1077 साली विल्यमच्या उपस्थितीत ओडोने अर्पण केले आणि तेथील तळघर त्याच काळातले आहे. 1476 सालच्या कॅथेड्रलच्या मालमत्तेच्या यादीत ह्या भरतकामाचा पहिला लेखी उल्लेख मिळतो. वर्षातून एका ठरावीक सणाला ते चर्चच्या मध्यदालनाभोवती टांगले जाई, असे तेथे नोंदलेले आहे. म्हणून शक्य असल्यास आधी कॅथेड्रलच्या मध्यदालनात उभे राहून लांबी डोळ्यांनी मोजावी आणि मग भरतकाम पाहावे, म्हणजे ते कोठे आणि किती लोकांना एकदम दिसत असेल, हे समजते.

ह्या कापडाचे टिकणे हा एक स्वतंत्र इतिहास आहे. 1792 साली फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत लष्करी गाड्यांवर झाकण्यासाठी ते कापले जाणार होते. लेओनार-लफोरेस्तिए नावाच्या स्थानिक वकिलाने मध्ये पडून ते वाचवले. 1803 च्या अखेरीस नेपोलियनने ते पॅरिसला नेऊन लोकांना दाखवले, कारण त्याच्या मनात इंग्लंडवरील स्वारीचे बेत चालू होते. दुसऱ्या महायुद्धात नाझी संशोधकांनी त्याचा अभ्यास केला आणि 1944 च्या ऑगस्टमध्ये, पॅरिस मुक्त होण्याच्या ऐन दिवसांत, ते पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातून हलवण्याचा एसएस ह्या नाझी दलाच्या माणसांचा प्रयत्न थोडक्यात फसला. बायो शहर स्वतः 7 जून 1944 रोजी, म्हणजे नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर सैन्य उतरल्याच्या दुसऱ्याच दिवशी मुक्त झाले आणि शेजारचे कां शहर उद्ध्वस्त झाले असताना ते जवळजवळ अखंड राहिले. शहराच्या कडेला राष्ट्रकुलातील सैनिकांची फ्रान्समधील दुसऱ्या महायुद्धाची सर्वांत मोठी दफनभूमी आहे. तिच्या समोरच्या स्मारकावर लॅटिनमध्ये कोरलेले आहे, की विल्यमने एके काळी जिंकलेल्या आम्ही आता त्या विजेत्याची मायभूमी मुक्त केली आहे. भरतकाम पाहिल्यावर त्याच दिवशी येथे जावे.

पॅरिसहून सॅं-लाझार स्थानकावरून निघणाऱ्या गाडीने बायोला सव्वादोन-अडीच तासांत पोहोचता येते. काही गाड्या थेट जातात, काहींसाठी कां येथे बदल करावा लागतो. बायोचे स्थानक शहराच्या मध्यापासून पायी दहा-पंधरा मिनिटांवर आहे, त्यामुळे गावात वाहनाची गरज नाही. मुक्काम केल्यास सकाळी संग्रहालय उघडताच जाता येते आणि पॅरिसहून येणाऱ्या दिवसभराच्या सहलींची गर्दी टळते. शाकाहारी मंडळींनी कुट्टूच्या पिठाच्या गालेत ह्या पातळ धिरड्यात चीज व मशरूम मागवावे आणि त्यात हॅम नको हे ऑर्डर देतानाच स्पष्ट सांगावे.

लंडनच्या प्रदर्शनाची प्रवेशिका मिळाली नाही, किंवा बायोचे दार अजून उघडले नसले, तर लंडनच्या पॅडिंग्टन स्थानकावरून अर्ध्या तासाच्या अंतरावरील रेडिंग शहरात जावे. तेथील संग्रहालयात संपूर्ण पट्टीची पूर्ण आकाराची प्रतिकृती कायम प्रदर्शित असते आणि प्रवेश विनामूल्य आहे. इंग्लंडमधील लीक ह्या गावातील सुमारे 35 महिलांनी एलिझाबेथ वॉर्डल ह्यांच्या पुढाकाराने 1885-86 मध्ये ती भरली आणि प्रत्येकीने आपल्या भागाखाली स्वतःचे नावही टाक्यांनी घातले. मूळ कापड भरणाऱ्या एकाही हाताचे नाव आपल्याला ठाऊक नसल्यामुळे ही नावे आवर्जून वाचावीत. लोकर रंगवण्याचे काम एलिझाबेथ ह्यांचे पती थॉमस वॉर्डल ह्यांनी केले. भारतातील रानरेशमाचे आणि भारतीय रंगांचे ते मोठे अभ्यासक होते. काठांतील नग्न आकृत्यांना ह्या प्रतिकृतीत कपडे मिळाले आहेत, एवढा व्हिक्टोरियन संकोच सोडला तर टाके तेच आहेत, लांबी जवळपास तीच आहे, प्रकाश मूळ दालनाहून बरा असतो आणि मागून कोणी ढकलत नाही. मुलांना बरोबर नेणाऱ्यांनी तर आधी रेडिंग करावे: त्यांना काठातले प्राणी, धूमकेतू आणि पलीकडचा पाय वेगळ्या रंगाचा असलेले घोडे शोधायला सांगावे, आणि मूळ पट्टीसमोर तेच शोधायला त्यांना पुन्हा मोकळे सोडावे.